खाऱ्या हवेत टिकणारं वायरिंग: जुनी मोपेड घरच्या घरी नव्याने वायर करताना

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव आटोपला की वाळूतून वर येणाऱ्या गाड्यांत मोपेड हमखास दिसतात. मागे कॅरियरला क्रेट बांधलेला, बर्फाचं खारं पाणी थेंबथेंब गळतंय, आणि ते पडतंय मागच्या लाइटच्या वायरींवर. आमच्या घरची टू-स्ट्रोक मोपेडही अशीच वापरलेली. एका जूनमध्ये दापोलीहून परत येताना आसूदच्या वळणावर तिचा हेडलाइट एकदम गेला. अंधार, पाऊस, समोरून एसटी. गाडी कडेला लावून मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. त्याआधी तीनदा गॅरेजमध्ये वायरिंग जोडून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी टेप सोडवली तर वायरीच्या आतलं तांबं हिरवट-काळं पडून बोटांत चुरत होतं. अशा वायरीला चौथा जोड देण्यात अर्थ नव्हता.

वाडीत एक काका आहेत, जन्म मच्छीमार बोटींच्या इंजिनांवर गेलेला. त्यांनी गाडी पाहून विचारलं, "बोटीवर दिव्याला वायरी किती जातात?" मी म्हटलं, दोन. "मग गाडीला एकच का?" बोट लाकडाची नाहीतर फायबरची. त्यातून करंट परत येत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला जाणारी एक आणि परतीची एक, अशा दोन वायरी ओढाव्याच लागतात. गाडीत परतीचं काम लोखंडी सांगाड्यावर सोपवलेलं असतं. घाटावर ते वर्षानुवर्षं चालतं. आपल्याकडे सांगाडा गंजतो, नटाखाली खार चढतो आणि परतीची वाट बंद होते. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: किनाऱ्यावरची मोपेड बोटीसारखी वायर करा. पुढची सगळी कृती या एका गोष्टीभोवती आहे.

कोणत्या गाडीला हात घालावा

हा लेख जुन्या, साध्या मोपेडसाठी आहे. 1972 मध्ये आलेली लुना, 1980 मध्ये आलेली टीव्हीएस 50 आणि त्यांच्या पुढच्या कार्ब्युरेटरच्या गाड्या. 1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारा बीएस-6 नियम लागू झाला. त्यानंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत वायरिंगला कॉम्प्युटर आणि सेन्सर जोडलेले असतात. तिथे नवशिक्याने कात्री लावू नये. तुमची गाडी एप्रिल 2017 नंतरची असेल तर हेडलाइट बंद करायचा स्विचच सापडणार नाही. तेव्हापासून नव्या दुचाकींना इंजिन चालू असताना दिवा सतत पेटता ठेवणं सक्तीचं झालं. त्यामुळे तो बिघाड समजू नका.

काम काढायचं ते शिमगा झाल्यावर, मृग लागायच्या आत. पुष्कळ जण 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत गाडी उघडतात, कारण तेव्हा तिला काम नसतं. पण तेव्हाच्या हवेत पापडसुद्धा मऊ पडतात. त्या हवेत बंद केलेल्या जोडात ओल आतच कोंडली जाते. मे महिन्यात दुपारी पडवीत केलेला जोड आणि जुलैतला जोड यांच्या आयुष्यात खूप फरक पडतो.

आधी विजेची वाट समजून घ्या

मोपेडमध्ये विजेचे दोन वेगळे संसार असतात. ते वेगळे आहेत हे न कळल्यामुळेच बहुतेक नवशिक्यांची गाडी बिघडते.

इंजिनाच्या बाजूला मॅग्नेट फिरतो आणि त्याच्या आत प्लेटवर कॉइल बसवलेल्या असतात. एक कॉइल प्लगच्या ठिणगीसाठी, गॅरेजमध्ये तिलाच 'करंट' म्हणतात. तिची वीज सीडीआय युनिटकडे, म्हणजे नेमक्या क्षणी ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीकडे जाते, तिथून व्होल्टेज चढवणारी हाय टेन्शन कॉइल आणि मग प्लग. जुन्या लुनासारख्या गाड्यांत सीडीआयच्या जागी पॉइंट आणि कंडेन्सर असतात. या बाजूचा बॅटरीशी काही संबंध नसतो, म्हणून बॅटरी पूर्ण मेली तरी अशी गाडी किक किंवा पेडल मारून सुरू होते. सीडीआयला येणारी वीज शंभर व्होल्टच्या वर असते आणि प्लगला जाणारी हजारो व्होल्टची. बारा व्होल्टची गाडी म्हणून निर्धास्त राहू नका. इंजिन फिरत असताना या वायरींना उघड्या हाताने शिवायचं नाही.

दुसरी कॉइल लाइटची. तिच्यातून येणारी वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी असते आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढते-उतरते. रेग्युलेटर-रेक्टिफायर तिला आवर घालतो आणि बॅटरीसाठी तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज करतो. बऱ्याच मॉडेलमध्ये हेडलाइट आणि टेललाइट थेट या एसीवर चालतात, तर हॉर्न, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर बॅटरीच्या डीसीवर. फार जुन्या गाड्यांत बॅटरीच नसते आणि सगळं सहा व्होल्टवर असतं. तुमच्या गाडीत काय आहे ते बल्बवरचा आकडा वाचून पक्कं करा. बाजारातला डीसीचा एलईडी बल्ब एसीच्या हेडलाइटला लावला तर तो फडफडतो. त्यात वायरिंगचा दोष नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, चावीचा स्विच. घरात स्विच चालू केला की दोन वायरी जोडल्या जातात. मोपेडच्या चावीत बहुधा दोन जोड्या असतात आणि त्या उलट वागतात. चावी चालू केली की बॅटरीची जोडी जुळते. चावी बंद केली की सीडीआयकडून आलेली बंद करायची वायर अर्थला, म्हणजे सांगाड्याला टेकते, करंट तिथेच जिरतो आणि इंजिन थांबतं. ही बंद करायची वायर चुकून बॅटरीच्या वायरीला जोडली गेली तर सीडीआय जळू शकतो. नव्या वायरिंगमध्ये या वायरीला वेगळा रंग द्या, तो दुसरीकडे कुठेही वापरू नका आणि तिच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा.

सामान आणि सुरक्षितता

डिजिटल मल्टिमीटर साधा असला तरी चालेल, पण दोन टोकांमधली वाट सलग असली की बीप करणारा घ्या. बारा व्होल्ट 21 वॅटचा एक बल्ब होल्डरसकट, वायर सोलायची पक्कड, क्रिम्पिंगची म्हणजे लग चेपायची पक्कड, पितळी लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची पट्टी), आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव (गरम केली की आवळणारी नळी), पॉलिश पेपर, मास्किंग टेप आणि वही-पेन्सिल. क्रिम्पिंगच्या पक्कडीवर पैसे वाचवू नका. साध्या पक्कडीने चेपलेला लग हाताला घट्ट लागतो आणि सहा महिन्यांत सैल पडतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत साचते. म्हणून टाकी काढून दूर, सावलीत, चुलीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवा. टाकी निघत नसेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून घ्या. ओली फडकी उन्हात वाळू द्या. जवळ पावडरचा अग्निशामक किंवा निदान बादलीभर कोरडी वाळू हवी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतायचं नाही, त्याने आग पसरते.

हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. जोडताना बरोबर उलट. कारण सरळ आहे. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हचा नट सोडायला गेलात आणि पाना सांगाड्याला टेकला, तर तिथेच शॉर्ट होऊन ठिणगी उडते. आधी निगेटिव्ह काढली असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही. ॲसिडची बॅटरी असेल तर चष्मा लावा. अंगावर ॲसिड उडालंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

जुनं वायरिंग उतरवणं

इथे घाई केलेल्या माणसाला पुढे आठवडाभर डोकं धरून बसावं लागतं. एकही वायर कापायच्या आधी फोटो काढा: हँडलखाली, सीटखाली, मॅग्नेटमधून वर येणारा जुडगा, रेग्युलेटर, मागचा लाइट. मग प्रत्येक कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या खोबणीच्या, दोन्ही बाजूंना मास्किंग टेपची चिठ्ठी चिकटवा. वहीत तीन रकाने करा: वायर कुठून निघते, कुठे जाते, रंग कोणता. रंगावर मात्र विसंबू नका. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये हिरवी वायर अर्थची असते, इतर अनेक गाड्यांत काळी. आणि तुमच्या गाडीत आजवर कोणी कोणता तुकडा कुठे जोडला असेल ते त्या जोडणाऱ्यालाच माहीत. मीटर बीपवर ठेवून टोक ते टोक खात्री करा.

शक्यतो जुनं वायरिंग अख्खंच्या अख्खं बाहेर काढा. ते एका फळीवर किंवा प्लायवर गाडीतल्यासारखं पसरा, पेन्सिलने बाहेरून आखून घ्या आणि जिथे जिथे फांदी फुटते तिथे खिळा ठोका. आता ही फळी तुमचा साचा झाली. नव्या वायरी खिळ्यांमधून ओढत गेलं की लांबी आपोआप बरोबर येते. फक्त हँडलपाशी जुन्या मापावर जाऊ नका. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा आणि चार बोटं वायर जास्त ठेवा. जुन्या वायरी बहुधा तिथेच तुटलेल्या सापडतील.

वायर कोणती, किती जाडीची

घरच्या फिटिंगची उरलेली वायर वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो. ती वापरू नका. तिचे तार जाड आणि कमी असतात, धक्क्यांनी तुटतात. ऑटोमोबाइलची, बारीक तारांची वायर घ्या. कथिलाचा मुलामा दिलेली, बोटीवर वापरतात ती वायर मिळाली तर मागच्या लाइटसाठी आणि अर्थसाठी तीच वापरा. साध्या तांब्याच्या वायरीत खारं पाणी दिव्याच्या वातीसारखं आतून चढत जातं. म्हणूनच टोकाला हिरवी दिसलेली वायर वीतभर सोलली तरी आत हिरवीच निघते.

जाडीचा हिशोब सोपा आहे: वॅट भागिले व्होल्ट. हेडलाइट 35 वॅट असेल तर बाराने भागून साधारण 3 अँपिअर. ब्रेकलाइट 21 वॅट, म्हणजे पावणेदोन. एका बाजूचे 10 वॅटचे दोन इंडिकेटर मिळून तेवढेच. हॉर्न दोनच्या आसपास. फांद्यांना 0.75 चौरस मिलिमीटर, हेडलाइटला 1, आणि बॅटरी-फ्यूज-चावीच्या मुख्य वायरीला व अर्थच्या खोडाला 1.5 असं मी धरतो.

डीसीची बेरीज साडेपाच अँपिअर झाली, म्हणजे साडेसातचा तपकिरी फ्यूज पुरतो. कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा, पण त्याच्या वर जाऊ नका. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत हवा, कारण त्याच्या अलीकडच्या वायरीला कसलंच संरक्षण नसतं. चंदेरी कागद किंवा तारेचा तुकडा लावून फ्यूज बांधलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. सीटखाली, टाकीजवळ तापलेली वायर म्हणजे काय, याचा विचार करा.

जोड

वायरीचं टोक सहा-सात मिलिमीटर सोला. सोलताना एकही तार तुटता कामा नये. तुटली तर पुन्हा कापून नव्याने सोला. लगला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची उघड्या तांब्यावर चेपायची, मागची वायरीच्या आवरणावर. मागची जोडी धक्के झेलते, म्हणून ती रिकामी सोडू नका. चेपून झाल्यावर लग धरून चांगला ओढा. निघाला तर बरंच झालं, रस्त्यावर निघण्यापेक्षा पडवीत निघालेला चांगला.

स्लीव मात्र लग बसवायच्या आधी वायरीत ओवायची. हे प्रत्येक जण एकदा तरी विसरतो. गरम केल्यावर स्लीवच्या कडेला गोंदाची बारीक कड दिसली की पाणी आत जात नाही.

सोल्डर करावं का? मी क्रिम्पिंगला पसंती देतो. वितळलेलं कथील वायरीत आतवर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि तो जिथे संपतो तिथेच वायर हादऱ्यांनी तुटते. करायचंच असेल तर राळेचा फ्लक्स वापरा, ॲसिडचा नाही, आणि जोडाला दोन्ही बाजूंनी आधार द्या. टाकी गाडीवर असताना सोल्डरिंग आयर्न किंवा मेणबत्ती जवळ आणायची नाही. वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळणं हा जोडच नव्हे. उन्हाने टेपचा गोंद वितळतो आणि पावसात तीच टेप पाणी धरून ठेवते.

परतीची वाट

इंजिनाजवळ सांगाड्यावर एक जाड बोल्ट निवडा. त्याखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासा. गोल लग, दातेरी वॉशर, मग नट, घट्ट. हा तुमचा अर्थचा खुंटा. बॅटरीची निगेटिव्ह इथे येईल. हेडलाइटची, मागच्या लाइटची, चारही इंडिकेटरची परतीची वायर थेट इथे आणा. रेग्युलेटरच्या बॉडीची अर्थही इथेच, कारण ती सुटली तर व्होल्टेजला आवर राहत नाही आणि बल्ब एकामागून एक उडत जातात. इंजिनाच्या बॉडीपासूनही एक वायर या खुंट्याला हवी. सगळं आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलिनचा जाड थर द्या. आधी ग्रीस आणि मग लग असं करू नका.

यात काही मीटर वायर जास्त लागते. बोटीवाल्या काकांनी पहिल्याच दिवशी हे करायला लावलं होतं आणि तेव्हा मला ते उगाच वाटलं होतं. त्यानंतर ज्या मोपेड मी उघडल्या, त्यांत मिणमिणत्या दिव्याचं कारण पुन्हा पुन्हा अर्थच निघालं. इंडिकेटर लावला की टेललाइटही लुकलुकतो, ब्रेक दाबला की हॉर्नचा आवाज बदलतो, असं काही दिसलं तर वीज परत यायला चोरवाटा शोधते आहे असं समजा.

एकेक करून जोडा, एकेक करून तपासा

सगळं जोडून शेवटी चावी फिरवायची नाही. पहिला भाग करंटचा. सीडीआयचा कपलर काढून ठेवा आणि बंद करायची वायर व सांगाडा यांच्यात मीटर लावा. चावी बंद असताना बीप यायला हवी, चालू केल्यावर थांबायला हवी. उलट होत असेल तर चावीच्या जोड्या अदलाबदल झाल्या आहेत. बरोबर आलं की कपलर लावा. करंट तपासताना प्लग टोपीत बसवून त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवून ठेवा. टोपी मोकळी सोडून किक मारली तर सीडीआयवर ताण येतो. आणि हे टाकी दूर असतानाच करा.

दुसरा भाग बॅटरीचा. फ्यूजच्या जागी फ्यूज न लावता आपला 21 वॅटचा बल्ब जोडा. चावी चालू, बाकी सगळं बंद: बल्ब पेटायला नको. पूर्ण पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण वायर जळणार नाही, कारण सगळा करंट बल्बने अडवला आहे. एकेक कपलर काढत जा. ज्याच्यानंतर बल्ब विझेल ती फांदी दोषी. मग ब्रेकलाइट लावून पाहा. तो आणि तपासणीचा बल्ब दोन्ही मंद पेटतील. असं झालं तर वाट बरोबर आहे. नवशिक्याने हा एक बल्ब वापरला तरी त्याच्या हातून सहसा काही जळत नाही.

मग खरा फ्यूज लावून हॉर्न, ब्रेकचे दोन्ही स्विच आणि इंडिकेटर तपासा. एका बाजूचा इंडिकेटर फारच भरभर लुकलुकला तर तिथला बल्ब गेलेला असतो किंवा त्याची अर्थ मिळत नसते. ब्रेकलाइट पेटता ठेवून मीटर 20 व्होल्ट डीसीवर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या अर्थला. 0.2 व्होल्टच्या आत आकडा आला तर काम चोख झालं. अर्धा व्होल्ट दिसला तर खुंटा पुन्हा घासा.

शेवटी टाकी बसवा, पेट्रोल कुठे पाझरत नाही ना पाहा आणि मोकळ्या जागेत इंजिन सुरू करा. बॅटरी विश्रांतीत 12.6 च्या आसपास आणि थोडी रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दाखवायला हवी. हेडलाइटवर मीटर एसीला ठेवा. साधा मीटर इथे नेमका आकडा दाखवेलच असं नाही, पण रेस वाढवत नेली तरी एका टप्प्यावर तो थांबायला हवा. चढतच राहिला तर लगेच इंजिन बंद करा आणि रेग्युलेटरची अर्थ पाहा.

गाडीवर बसवताना

आपल्या घराच्या पागोळ्या आठवा. पाणी उतारावरून येतं, कडेला थबकतं आणि खाली पडतं. प्रत्येक वायर कपलरमध्ये किंवा युनिटमध्ये शिरण्याआधी थोडी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशीच गळून जाईल. कपलरचं तोंड खाली किंवा आडवं असावं, आभाळाकडे कधीच नको. वायरींच्या जुडग्यावरच्या पीव्हीसी स्लीवला सगळ्यात खालच्या जागी लहान चीर द्या. सायलेन्सरपासून वायरी लांब ठेवा, हँडलपाशी पट्टी सैल बांधा. मासे नेत असाल तर मागच्या लाइटचा कपलर क्रेटखालून काढून सीटखाली घ्या. एवढ्या एका बदलाने माझा मागचा लाइट टिकला.

दहा मिनिटं गाडी चालवून आल्यावर इंजिन बंद करा आणि बॅटरीजवळच्या वायरीवरून हात फिरवा. कोमट लागणारी वायर बारीक पडली आहे किंवा तिचा जोड सैल आहे. आठवड्याने सगळे नट पुन्हा आवळा. पहिला मोठा पाऊस झाला की सीट उघडून कपलरमध्ये ओल आहे का पाहा. वहीतला नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखालीच ठेवून द्या. पुढच्या वेळी गाडी उघडणारा कोणी दुसराही असू शकतो.